फॅशन डिझाइन आणि शिवणकामाचा पाया : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर शहरातून आणि आसपासच्या गावांतून शिवणकाम शिकू इच्छिणारे लोक जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. सुरुवातीचे प्रश्न अगदी पहिल्यांदा मशीनवर बसणाऱ्यांसाठी आहेत आणि पुढचे प्रश्न थोडा हात बसलेल्यांसाठी. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल; जिथे एक मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फॅशन डिझाइन आणि शिवणकाम या वेगळ्या गोष्टी आहेत का? आधी काय शिकावे?

कपडा कोणासाठी, कोणत्या प्रसंगासाठी, कोणत्या कापडाचा आणि किती खर्चात करायचा हे ठरवणे म्हणजे डिझाइन. आणि तो विचार अंगावर चढेल अशा रूपात आणणे म्हणजे बेतणे, कापणे व शिवणे. मोठ्या कारखान्यात ही कामे वेगवेगळी माणसे करतात, परंतु शिकताना ती वेगळी करू नयेत असे आमचे ठाम मत आहे. ज्याने गळ्याची पट्टी स्वतः उलटवून शिवलेली नाही, त्याला कागदावर काढलेला गळा प्रत्यक्षात बसेल की नाही हे सांगता येत नाही. म्हणून आधी साधा परकर, मग उशीचा अभ्रा, सरळ कुर्ता आणि त्यानंतर ब्लाउज असा क्रम ठेवावा. ब्लाउज आकाराने लहान असला तरी सर्वांत अवघड कपड्यांपैकी एक आहे, कारण तो अंगाला घट्ट बसतो आणि इंचाच्या पाव भागाची चूकही लगेच दिसते.

२. मला चित्रकला येत नाही. तरीही फॅशन डिझाइन शिकता येईल का?

येईल. फॅशनच्या रेखाटनात मानवी आकृती मुद्दाम उंच काढतात: प्रत्यक्ष माणसाची उंची साधारण साडेसात डोक्यांइतकी असते, तर रेखाटनात ती नऊ डोक्यांइतकी धरतात. ही आकृती एकदा तयार करून तिच्यावर पातळ कागद ठेवला की पुढचे काम कपड्याच्या रेषा काढण्याचे उरते, आणि ते सरावाने जमते. याहून महत्त्वाचे असते ते सपाट रेखाटन, ज्यात कपडा पुढून व मागून जमिनीवर पसरल्यासारखा काढून प्रत्येक शिवण, बटण आणि खिसा दाखवलेला असतो. कापणाऱ्याला उपयोग त्याचाच होतो.

चित्रकला येत असेल तर तिचा फायदा निश्चितच होतो. १९२९ साली कोल्हापुरात जन्मलेल्या भानू अथैया यांनी मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकलेचे शिक्षण घेतले, मासिकांसाठी फॅशनची रेखाटने केली आणि मग त्या चित्रपटांच्या वेशभूषेकडे वळल्या. ‘गांधी’ या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली त्यांना जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळाले. हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. आपल्या गावातल्या मुलामुलींना त्यांचे नाव माहीत असले पाहिजे, असे आम्हाला मनापासून वाटते.

३. पहिली मशीन कोणती घ्यावी? पायाची, मोटारची की जुकी?

शिकण्यासाठी पायाने चालवायची साधी लोखंडी मशीन उत्तम, कारण तिचा वेग पूर्णपणे आपल्या पायावर असतो आणि वीज गेली तरी काम थांबत नाही. हात बसल्यावर तिलाच मोटार लावता येते. जुकी पद्धतीची औद्योगिक मशीन अतिशय वेगाने चालते. रोज बरेच कपडे शिवून द्यायचे असतील तरच ती घ्यावी. घरगुती झिगझॅग मशीनमध्ये काज आणि पिकोसारखी कामे होतात, परंतु जाड कापडाचे अनेक थर ती सहज ओढत नाही.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात मशीनची विशेष काळजी घ्यावी लागते. दमट हवेत बॉबिन केस (खालच्या दोऱ्याची रिळ बसते ती डबी) आणि सुईच्या दांड्याला गंज चढतो. म्हणून काम संपल्यावर मशीन झाकावी, आठवड्याला तेल द्यावे आणि तेल दिल्यानंतर आधी चिंधीवर दोन-चार टिपा मारून मगच ग्राहकाचे कापड लावावे.

४. सुईचा नंबर कसा ठरवायचा?

मलमल, जॉर्जेट अशा पातळ कापडाला ९ किंवा ११, पॉपलीन आणि साध्या सुती कापडाला १४, डेनिम किंवा जाड कापडाला १६ ते १८. टी-शर्टसारख्या होजिअरी कापडाला गोल टोकाची सुई लागते, कारण धारदार टोक विणीचा धागा तोडते. सुईचे टोक बोथट झाले की कापड ओढले जाते आणि टाके सुटतात. सुई स्वस्त असते, ती जपत बसू नये.

५. सरावासाठी कापड कोणते आणि कुठून घ्यावे?

आपल्या शेजारी इचलकरंजीसारखे यंत्रमागांचे शहर असताना सरावाचे कापड महाग पडण्याचे कारण नाही. सुरुवातीला मांजरपाट, म्हणजे जाडेभरडे कोरे सुती कापड घ्यावे: ते न घसरणारे, खडूची खूण नीट धरणारे आणि इस्त्रीला वळणारे असते. त्यानंतर पॉपलीन, मग केंब्रिक, आणि सर्वांत शेवटी क्रेप, जॉर्जेट किंवा सॅटिन. महाद्वार रोडवरच्या दुकानांत मीटरने कापड घेताना पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, आधी विचारावा. ३६, ४४ आणि ५८ इंच हे पन्हे सर्रास मिळतात, आणि त्याच कुर्त्यासाठी लागणारे कापड पन्ह्याप्रमाणे बरेच कमी-जास्त होते.

सुती कापड कापण्यापूर्वी काही तास पाण्यात भिजवून, न पिळता वाळवून इस्त्री करणे अत्यावश्यक आहे. पहिल्या धुण्यात सुती कापड आटते आणि अस्तर व वरचे कापड वेगवेगळ्या प्रमाणात आटले तर शिवलेला ब्लाउज कायमचा गोळा होतो. म्हणून अस्तरही भिजवावे.

६. उभा धागा, आडवा धागा आणि उरेब म्हणजे काय? कापड कसेही ठेवून कापले तर काय बिघडते?

कापडाच्या काठाला समांतर जाणारा तो उभा धागा, म्हणजे ताणा. काठापासून काठापर्यंत जाणारा तो आडवा धागा, म्हणजे बाणा. मागावर ताणा ताणून बसवलेला असतो, त्यामुळे उभ्या दिशेला कापड सहसा कमी ताणले जाते. या दोहोंना ४५ अंशांत छेदणारी दिशा म्हणजे उरेब, आणि त्या दिशेला कापड सर्वाधिक ताणते.

हे तपासायला हातरुमालाएवढा मांजरपाटाचा तुकडा पुरेसा आहे. तो काठाच्या दिशेने ओढला तर जवळजवळ हलत नाही. दोन समोरासमोरचे कोपरे धरून ओढला तर लांबतो, अरुंद होतो आणि मधोमध लाटेसारखा वळतो. गळ्याची आणि मुंढ्याची (बाही जोडतात त्या वळणाची) पट्टी उरेब कापतात ती याचसाठी: ती वळणावर न चुरगळता बसते. उलट, कुर्त्याचा पुढचा भाग उभ्या धाग्यापासून जरी थोडा तिरका कापला गेला, तरी दोन-तीन धुण्यांनंतर बाजूची शिवण फिरून पोटावर येते. सलवारीचा एक पाय वळतो आणि दुसरा वळत नाही, ही तक्रार आपल्याकडे फार येते. तिचे कारण बहुतेक वेळा शिवणीत नसून कापण्यात असते.

उभा धागा अंगावर उभाच ठेवावा, या नियमाला एक मोठा अपवाद आहे, तो प्रश्न ११ मध्ये दिला आहे.

७. मापे घेताना कोणत्या चुका होतात?

टेप पाठीमागे खाली उतरते, मापे जाड कपड्यांवरून घेतली जातात आणि समोरची व्यक्ती नकळत श्वास ओढून ताठ उभी राहते. छातीचे माप घेताना टेप जमिनीला समांतर असावी आणि तिच्याखाली दोन बोटे सहज जावीत. कंबर शोधण्यासाठी एक नाडी बांधून व्यक्तीला डावी-उजवीकडे वाकायला सांगावे. नाडी आपोआप खऱ्या कमरेवर स्थिरावते. ब्लाउजसाठी खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंतची उंची आणि दोन टोकांमधले अंतर ही दोन मापे नवशिके हमखास विसरतात, आणि टक्स (कापड चिमटीत धरून शिवलेल्या चुण्या; पाहा प्रश्न ९) चुकीच्या जागी पडण्याचे कारण हेच असते.

८. छातीचे माप ३६ असेल तर कपडाही ३६ चाच कापायचा का?

नाही. अंगाच्या मापात हालचालीसाठी सैलपणा मिळवावा लागतो. साडीच्या ब्लाउजला एकूण १ ते २ इंच, तर सरळ कुर्त्याला ३ ते ४ इंच सैलपणा साधारणपणे पुरतो. म्हणजे ३६ छातीच्या कुर्त्यासाठी ४ इंच सैलपणा धरला तर घेर ४० इंच होतो. कापड चौपदरी घडी करून कापताना त्याचा चौथा भाग, म्हणजे १० इंच घ्यावा आणि त्याबाहेर शिवणीचे मार्जिन वेगळे सोडावे. बाजूच्या शिवणीत दीड इंच मार्जिन ठेवले तर पुढे कपडा उसवून मोठा करता येतो. गळ्याला आणि मुंढ्याला मात्र पाव ते अर्ध्या इंचापेक्षा जास्त ठेवू नये, कारण वळणावरचे जास्तीचे कापड आत गोळा होते. होजिअरी कापड स्वतःच ताणत असल्यामुळे तिथे सैलपणा शून्य किंवा त्याहूनही कमी असतो.

९. टक्स कशासाठी घालतात? कटोरी ब्लाउजला टक्स दिसत नाहीत, मग तो बसतो कसा?

संपूर्ण बेतण्याचे मर्म या एका प्रश्नात आहे, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देत आहोत. कापड सपाट असते आणि शरीर गोलाईचे. कागदाची एक गोल चकती घ्यावी, कडेपासून मध्यबिंदूपर्यंत एक सरळ काप द्यावा आणि कापाच्या दोन कडा एकमेकींवर सरकवाव्यात: चकतीचा शंकू होतो. जितके जास्त सरकवू तितका शंकू उंच. टक्स म्हणजे तोच काप. फरक एवढाच की कापड न कापता ते चिमटीत धरून शिवले जाते.

आता त्याच शंकूवर दुसऱ्या एखाद्या जागी कडेपासून मध्यापर्यंत काप देऊन पहिला काप पूर्ण मिटवला, तरी शंकूची उंची तेवढीच राहते. म्हणजे टक्स कुठून सुरू होतो हे महत्त्वाचे नसते. तो कोणत्या बिंदूकडे जातो हे महत्त्वाचे असते. खांद्यातून, बाजूच्या शिवणीतून, कमरेतून, मुंढ्यातून, कुठूनही तो काढता येतो. हे एकदा उमगले की शेकडो नमुने पाठ करण्याची गरज उरत नाही. कटोरीत, म्हणजे छातीवर वाटीच्या आकाराचे तुकडे जोडलेल्या ब्लाउजमध्ये, हेच टक्स तुकड्यांच्या जोडांमध्ये लपवलेले असतात, आणि प्रिन्सेस कटमध्ये मुंढ्यातला व कमरेतला टक्स एकाच सलग शिवणीत मिळवलेला असतो.

शिवताना टक्सचे टोक छातीच्या टोकाच्या साधारण १ इंच अलीकडे थांबवावे, शेवटच्या अर्ध्या इंचात टाके बारीक करावेत आणि टोकाला उलटी टीप न मारता दोऱ्याची हाताने गाठ द्यावी. उलट्या टिपेमुळे तिथे फोडासारखा उंचवटा येतो. उभे टक्स मध्याकडे आणि आडवे टक्स खालच्या बाजूला वळवून इस्त्री करावी.

१०. हात वर केला की पूर्ण ब्लाउज वर ओढला जातो. मुंढा खोल केला, तरी त्रास वाढलाच. असे का?

मुंढा खोल केल्यामुळेच त्रास वाढला. मुंढ्याचा तळ काखेपासून जितका खाली जाईल, तितकी बाही बाजूच्या शिवणीला खालून बांधली जाते आणि हात उचलताना सगळा कपडा सोबत घेऊन जाते. काखेच्या जवळ, पण न काचणारा मुंढा हालचालीला अधिक मोकळा असतो. मुंढा घट्ट वाटत असेल तर तळ खाली नेण्यापूर्वी पुढच्या बाजूचा आतला वळसा पुरेसा खोल आहे का आणि पाठीची रुंदी पुरते का हे पाहावे. जुन्या पद्धतीच्या सदऱ्याच्या काखेत चौकोनी तुकडा जोडतात तोही याच अडचणीवरचा उपाय आहे, आणि नृत्याच्या किंवा खेळाच्या कपड्यांसाठी आजही तितकाच उपयोगी आहे.

बाहीच्या गोलाईवर चुण्या पडत असतील तर बाहीची गोलाई आणि मुंढ्याचा घेर दोन्ही टेप उभी धरून मोजावेत. सुती कापडात गोलाई सुमारे १ इंच जास्त असली तरी धावदोरा घालून ती जिरवता येते. पॉलिस्टरसारख्या न जिरणाऱ्या कापडात तेवढीही जास्त होते.

११. काठपदराच्या साडीचा किंवा खणाचा कुर्ता शिवताना काय वेगळे करावे लागते?

साडीचा काठ ताण्याच्या दिशेने, म्हणजे लांबीत धावतो. कुर्त्याच्या तळाला काठ हवा असेल तर कापड आडवे फिरवूनच कापावे लागते, आणि उभा धागा अंगावर आडवा येतो. हाच प्रश्न ६ मधील नियमाचा अपवाद. साडीची वीण घट्ट असेल तर हे चालून जाते. मात्र दोन गोष्टी आधी ग्राहकाला सांगाव्यात. एक, कुर्त्याची लांबी साडीच्या पन्ह्याइतकीच, म्हणजे साधारण ४५ इंचांपर्यंतच मिळेल. आणि दोन, कपडा अंगावर नेहमीच्या कुर्त्यापेक्षा किंचित वेगळा पडेल.

कर्नाटकातील गुळेदगुड्डचा पारंपरिक खण चोळीसाठीच विणला जात असल्यामुळे त्याचा पन्हा अरुंद असतो. त्याचा कुर्ता करायचा तर मध्ये जोड येणारच. तो जोड लपवण्यापेक्षा काठाची पट्टी लावून उठावदार करावा. बुट्टीला वर-खाली दिशा असेल तर सर्व भाग एकाच दिशेने ठेवून कापावेत, त्यासाठी थोडे जास्त कापड लागते. हीच काळजी मखमलीलाही घ्यावी, नाहीतर दोन भागांचा रंग वेगळा दिसतो. खणाच्या कडा लवकर सुटतात, म्हणून कापल्याबरोबर ओव्हरलॉक करावे, म्हणजे कडा मशीनने दोऱ्यात बांधून घ्याव्यात, आणि अस्तर टाळू नये.

१२. पूर्ण घेराच्या घागऱ्याला कापड किती लागते, हे कसे काढायचे?

कंबरेचे माप ६.२८ ने भागावे. आतल्या वर्तुळाची त्रिज्या मिळते. २८ कंबरेला ती साधारण साडेचार इंच येते. घागऱ्याची उंची ३६ इंच असेल तर बाहेरची त्रिज्या साडेचाळीस इंच. ४४ इंच पन्ह्यावर दोन अर्धवर्तुळे लांबीत मांडावी लागतात. प्रत्येकाला ८१ इंच, म्हणजे एकूण १६२ इंच. मार्जिन धरून सव्वाचार मीटर घ्यावे. कापल्यानंतर घागरा एक पूर्ण दिवस टांगून ठेवावा आणि मगच तळ सारखा करून दुमडावा, कारण उरेब दिशेचे भाग स्वतःच्या वजनाने खाली उतरतात.

१३. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे जाळे होते. बॉबिन केस बदलली, तरी तेच.

जाळे खाली दिसत असले तरी दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो. मशीनचा फूट (कापड दाबून धरणारा भाग) खाली असताना दोरा ओवला तर टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यामध्ये शिरतच नाही. फूट वर उचलून दोरा पुन्हा पहिल्यापासून ओवावा. उलट, वरच्या बाजूला खालचा दोरा दिसत असेल तर वरचे टेन्शन जास्त आहे. बॉबिन केसच्या स्क्रूला सर्वांत शेवटी, आणि एका वेळी अगदी थोडाच, हात लावावा.

१४. शिवलेली नऊवारी शिकायची आहे. त्यासाठी साडी कापावीच लागते का?

बहुतेक पद्धतींत कापावी लागते, कारण पाय, निऱ्या, काष्टा आणि पदर हे भाग वेगवेगळे बसवून शेवटी पट्ट्यावर जोडले जातात. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड असते. कंबर, सीट, मांडी आणि पूर्ण उंचीबरोबरच आसनाचे (दोन्ही पायांच्या मधल्या भागाचे) माप त्या व्यक्तीला बसवून घ्यावे. नऊवारीत मांडी घालून बसायचे, मंगळागौरीत फुगड्या घालायच्या, तर आसनात मोकळीक हवीच. आजीची जुनी रेशमी साडी कोणी आणून दिली तर आम्ही ती न कापता नेसायला शिकण्याचा सल्ला देतो आणि शिवण्यासाठी नवी साडी घ्यायला सांगतो.

१५. कोल्हापुरात राहून रीतसर शिक्षण कुठे मिळते?

दहावीनंतर लवकर कामाला लागायचे असेल तर आयटीआयमधील शिवणकामाचे एक वर्षाचे अभ्यासक्रम पाहावेत. प्रवेशाच्या वेळी त्या वर्षीची जागांची यादी तपासावी. कापडाच्या तंत्रात रस असेल तर इचलकरंजीत वस्त्र-अभियांत्रिकीचे पदवी शिक्षण उपलब्ध आहे. राष्ट्रीय पातळीवर जायचे असेल तर १९८६ साली स्थापन झालेल्या निफ्ट या फॅशन शिक्षणाच्या राष्ट्रीय संस्थेचे मुंबई केंद्र सर्वांत जवळचे. तिथली डिझाइनची पदवी चार वर्षांची असून तिला प्रवेश परीक्षा असते आणि तीत चित्राबरोबरच हाताने वस्तू घडवण्याची चाचणीही होते. खासगी क्लास निवडताना जाहिरात न पाहता एकच गोष्ट विचारावी: ड्राफ्टिंग, म्हणजे कपड्याची आकृती कागदावर आखणे, मापावरून शिकवतात की तयार कागदी नमुना देतात?

आधीपासून शिंपीकाम करणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत शिंपी समाविष्ट असून प्रशिक्षणाच्या काळात दररोज ५०० रुपये भत्ता आणि साधनांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. एका कुटुंबातून एकाच व्यक्तीला लाभ घेता येतो.

१६. शिलाईचा दर कसा ठरवावा? शेजारच्यांकडून पैसे मागायला संकोच वाटतो.

आधी वेळ मोजावा. समजा अस्तराच्या ब्लाउजला माप घेण्यापासून हुक लावण्यापर्यंत चार तास लागतात आणि आपण तासाचे ८० रुपये धरले, तर मजुरी ३२० रुपये. त्यात अस्तर, दोरा, हुक, वीज आणि मशीनची झीज मिळवावी. पहिल्या फिटिंगनंतरची दुरुस्ती दरातच धरावी, कारण ती होणारच. घरात बसून केलेले काम फुकटचे असते हा समज फार जुना आहे आणि त्याचा फटका मुख्यतः बायकांना बसतो. दरपत्रक भिंतीवर लावले की मागण्याचा प्रसंग येत नाही.

१७. मापे बरोबर, कटिंग बरोबर, तरी गळा एका खांद्यावरून सतत घसरतो. दोष कशात?

बहुधा त्या व्यक्तीचे दोन्ही खांदे सारखे नाहीत. एक खांदा दुसऱ्यापेक्षा थोडा उतरता असणे अगदी सामान्य आहे, विशेषतः एकाच खांद्यावर वर्षानुवर्षे पिशवी घेणाऱ्यांमध्ये. घडी करून कापलेला कपडा दोन्ही बाजू एकसारख्या गृहीत धरतो. अशा वेळी उतरत्या बाजूची खांद्याची शिवण मुंढ्याच्या टोकाला पाव ते अर्धा इंच अधिक आत घ्यावी, गळ्याच्या टोकाला मात्र ती मूळ जागीच ठेवावी, आणि जेवढी शिवण घेतली तेवढाच त्या बाजूचा मुंढा खाली उतरवावा. येथे प्रश्न १० मधील इशारा लागू होत नाही, कारण मुंढा मोठा न होता फक्त खाली सरकतो. मापाच्या वहीत त्या नावापुढे कोणता खांदा आणि किती उतरता, हे लिहून ठेवावे.